पोकेमॉन एमरल्ड आणि हार्टगोल्डच्या खोट्या कॅसेट्स: माझे १६,६५० गेले

एकूण १६,६५० रुपये. त्यातले ४,८०० पोकेमॉन एमरल्ड या निंटेंडोच्या जुन्या हातातल्या गेमच्या कॅसेटचे, ११,५०० त्याच मालिकेतल्या हार्टगोल्डच्या बॉक्ससकट सेटचे आणि ३५० कुरियरचे. एका अ‍ॅपवर जाहिरात दिलेल्या विक्रेत्याला आधी ५,००० टोकन दिलं, मग "पार्सल पॅक झालंय ताई" असा फोटो आल्यावर उरलेले ११,६५०. दोन्ही वेळा यूपीआयने. दोन्ही कॅसेट्स बनावट निघाल्या. घरी मी आकडा बराच कमी सांगितला होता. आता हे वाचून खरा कळेल, कळू दे.

"गेमवर एवढे पैसे?" हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांनी इथेच थांबावं. तो प्रश्न मला पोलीस ठाण्यात विचारून झालाय, त्याबद्दल पुढे लिहितेच.

मी काही नवखी नाही. मामा दुबईला होता तेव्हा त्याने आणलेली याच मालिकेतल्या सफायरची कॅसेट आजही माझ्याकडे चालू आहे, प्लॅटिनमही आहे आणि दोन्ही ओरिजिनल. मला एमरल्ड हवी होती ती ब्रीडिंगसाठी, म्हणजे गेममधल्या दोन पोकेमॉनची जोडी लावून अंड्यातून हवं तसं पिल्लू मिळवण्यासाठी. ज्यांनी तिसऱ्या पिढीत (रुबी, सफायर, एमरल्ड) अंडी उबवलीत त्यांना माहीत आहे की रुबी-सफायरमध्ये पिल्लाचा नेचर, म्हणजे स्वभाव, नशिबावर असतो. एकूण नेचर २५, त्यातला हवा तो मिळेपर्यंत हात दुखतात. एमरल्डमध्ये आईच्या हातात एव्हरस्टोन नावाचा दगड दिला की निम्म्या वेळा तिचाच नेचर पिल्लात उतरतो, आणि टीममध्ये स्लग्मासारखा फ्लेम बॉडी हा गुण असलेला पोकेमॉन ठेवला की अंडं निम्म्या पावलांत फुटतं. मला हव्या असलेल्या बेगॉन या पोकेमॉनच्या अंड्याला १०,२४० पावलं लागतात, म्हणून हा फरक छोटा नाही. हार्टगोल्ड घेतली ती मात्र निव्वळ हौस म्हणून, सोबत येणाऱ्या पोकेवॉकर या पावलं मोजणाऱ्या छोट्या यंत्रासाठी.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण ओळखीतल्या प्रत्येकाने मला "स्वस्ताला भुललीस" असं ऐकवलंय. स्वस्त नव्हतंच! चारशे-पाचशे रुपयांच्या एमरल्ड सगळीकडे पडलेल्या असतात. त्या खोट्या असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं आणि मी त्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. या माणसाने भावच असा लावला होता की शंका येऊ नये. घासाघीस केली तर पाचशेच कमी केले, तेही कुरकुरत. "ताई, एवढ्यात मलाच परवडत नाही, पण तुम्ही खरंच खेळणाऱ्या दिसता." भाव जास्त आहे म्हणजे माल खरा, हा हिशोब डोक्यातून काढून टाका. तुमच्या त्याच हिशोबावर त्यांचं दुकान चालतं.

आता तो व्हिडिओ कॉल. या एका गोष्टीने मला अजून झोप लागत नाही.

त्याने एमरल्ड गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी या निंटेंडोच्या हातातल्या यंत्रात घातली, चालू केली. सुरुवातीच्या स्क्रीनवरचा हिरवा रेक्वेझा हा पोकेमॉन आला, मी खूश. मेनूच्या आधी तो नेहमीचा मेसेज आला की आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "बघा ताई, सेल गेलाय. म्हणजे जुनी ओरिजिनल आहे. खोट्यात असले मेसेज कशाला येतील?"

आणि मी मान डोलावली. मला एमरल्डच्या आत बटण-सेल असतो हे माहीत आहे. तो संपला की बेरीची झाडं वाढत नाहीत, शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी थांबते, हे सगळं पाठ आहे. तो सेल पारदर्शक हिरव्या प्लास्टिकमधून बाहेरूनही दिसतो, हेसुद्धा माहीत आहे. एक वाक्य बोलायचं होतं: "कॅसेट बाहेर काढा आणि उजेडासमोर धरा." ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण समोरचा माणूस अर्धा तास ताई-ताई करतोय, मागे त्याचं बाळ रडतंय, त्यात आपण चोर समजून झडती कशी घ्यायची? सभ्यपणा नडला. सेल संपलेला नव्हताच, तिथे सेलच नव्हता. ज्या खोट्या कॅसेटमध्ये घड्याळाचा भाग बसवलेलाच नसतो तिच्यातही नेमका हाच मेसेज येतो. म्हणजे जी गोष्ट खोटेपणाची खूण होती, तीच त्याने मला खरेपणाचा पुरावा म्हणून विकली.

व्हिडिओवर गेम चालताना दिसला याची किंमत शून्य आहे. खोटी कॅसेटही चालतेच, सुरुवातीला छान चालते. चालू स्क्रीन नको, बंद कॅसेट दाखवायला सांगा. पुढून, मागून आणि खालून.

पार्सल आलं तेव्हा कुकर चढवलेला होता, दारात सही केली, पुडा फोडला. तुम्ही मात्र फोन कशालातरी टेकवून ठेवा आणि पुडा फोडण्याच्या आधीपासून सलग व्हिडिओ घ्या, पत्त्याच्या चिठ्ठीसकट. दार वाजलं की कोणाच्या डोक्यात येतं हे? माझ्या नाही आलं, पण नंतर सगळं त्यावरच अडलं.

मी खेळायला लागले. गेममधले आठही बॅज घेतले, मिटिऑर फॉल्स या गुहेच्या तळाशी जाऊन अ‍ॅडमंट नेचरची बेगॉन मादी पकडली, नर अल्टारिया या पोकेमॉनला ड्रॅगन डान्स ही चाल शिकवून दोघांना अंडी मिळतात त्या रूट ११७ च्या डे केअरमध्ये ठेवलं. मग अंडी फुटावीत म्हणून गेममधल्या सायकलवरून मागे-पुढे, मागे-पुढे, जेवण झाल्यावर, लोकलमध्ये, टीव्हीसमोर. शेवटी अ‍ॅडमंट आणि ड्रॅगन डान्स घेऊन जन्मलेला बेगॉन मिळाला. तो वाढवून त्याचा सॅलमेन्स, म्हणजे मोठं रूप, केला आणि त्याच्याच जोरावर एलिट फोर, म्हणजे शेवटचे चार तगडे प्रतिस्पर्धी, जिंकले. हॉल ऑफ फेमची नावं सरकली, गेम सेव्ह झाला. दुसऱ्या दिवशी चालू केली तर सेव्ह फाइल खराब. पुढे फक्त नवा गेम सुरू करायचा पर्याय. सॅलमेन्स गेला, अल्टारिया गेला, सगळंच गेलं.

एलिट फोरनंतर सेव्ह उडणं हे खोट्या एमरल्डचं जुनं दुखणं आहे. कारण खऱ्या कॅसेटमध्ये सेव्हसाठी जी १ मेगाबिटची फ्लॅश मेमरी असते ती यात धड बसवलेली नसते. काही खोट्या कॅसेट तर सुरू करतानाच "१ एम सब-सर्किट बोर्ड" नाही असा मेसेज दाखवतात. तो दिसला तर एक पैसा देऊ नका.

मग मी तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर मागवला आणि ती उघडली. आत एवढीशी हिरवी पट्टी आणि मधोमध डांबर सांडल्यासारखा काळा गोळा. सेलची जागासुद्धा नाही. शेजारी माझी सफायर उघडून ठेवली: नाव छापलेल्या वेगवेगळ्या चिप्स, गोल चकचकीत सेल, खालच्या सोनेरी पिनांच्या वर बारीक अक्षरात निंटेंडो. ते नाव बघायला कॅसेट उघडावी लागत नाही, खालच्या फटीतूनच दिसतं. खऱ्या कॅसेटच्या पुढच्या स्टिकरवर दोन आकडी अंक दाबून उमटवलेला असतो, तिरक्या उजेडात धरला की कळतो. स्टिकरवरचा कोड एजीबी-बीपीईई-यूएसए हवा. हे सगळं मी तुम्हाला सांगतेय, मला मात्र कॉलवर सुचलं नाही.

एवढं झाल्यावर हार्टगोल्डकडे वळले. पोकेवॉकर कॅसेटशी बोलायलाच तयार नाही. त्या माणसाला विचारलं तर "ताई, नवा सेल टाका, २०३२ चा." टाकला. काही नाही. वॉकर खरा आहे, माझ्याकडे अजून आहे, पण तो ज्या इन्फ्रारेडवर चालतो ते कॅसेटमध्येच असावं लागतं. म्हणूनच हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर आणि नंतरच्या ब्लॅक-व्हाइटच्या चारही कॅसेट्सचं प्लास्टिक काळपट असतं आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारला की लालसर उजेड झिरपतो. माझी कॅसेट साधी राखाडी, टॉर्च मारला तर ठार अंधार. जाहिरातीतल्या फोटोत हीच कॅसेट टॉर्चवर लाल दिसत होती. म्हणजे फोटो खऱ्या कॅसेटचा आणि पाठवली खोटी. आमिष म्हणून वॉकर आणि बॉक्स खरे. फोटो मागवाल तेव्हा कॅसेटशेजारी कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून मागवा. जो कां-कूं करेल त्याला तिथेच रामराम.

त्याला पहिला मेसेज केला, निळ्या टिक्स आल्या. दुसऱ्याला उत्तर आलं: "मॅडम, मी ओरिजिनल पाठवली होती, तुम्ही बदलून मला खोटी परत करताय. असे लोक खूप बघितलेत." म्हणजे चोर मीच! नंतर ब्लॉक.

आता खरा तमाशा. बँकेच्या कस्टमर केअरने सांगितलं की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय, आम्ही काही करू शकत नाही. एका हेल्पलाइनवर म्हणाले, वस्तू मिळाली ना? मग ही सायबर फसवणूक नाही. पोलीस ठाण्यात गेले तर समोरच्या साहेबांनी आधी विचारलं, "मुलाचा गेम आहे का?" माझाच आहे म्हटल्यावर त्यांनी शेजारच्याकडे बघून हसून घेतलं. "मॅडम, इथे लोकांचे पंचवीस-पंचवीस लाख जातात." जातात ना, मग? माझे १६,६५० गेले की ते गेलेले नसतात का? की रक्कम लाखात असली तरच गुन्हा? मग म्हणाले, ही सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं, खोटा माल खरा सांगून विकणं म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, पूर्वीचं ४२०. तर साहेब म्हणतात, "हे खोटं आहे असं कंपनीचं लेखी आणा." कंपनीचं लेखी! साहेब, कंपनी क्योटोला आहे. चिप्स नसलेली उघडी कॅसेट मी त्यांच्या टेबलावर ठेवली, शेजारी खरी ठेवली. त्यांनी पेनाच्या टोकाने ती जरा हलवली आणि म्हणाले, "दोन्ही सारख्याच दिसतात." शेवटी फक्त अर्जावर शिक्का मिळाला.

ग्राहक तक्रारीचं विचारलं तर उत्तर आलं की विकणारा खासगी व्यक्ती आहे, व्यापारी नाही. ज्याच्या पानावर एका वेळी डझनांनी कॅसेट्स विक्रीला आहेत तो खासगी व्यक्ती? आणि ज्या अ‍ॅपवर जाहिरात होती त्यांनी तर यंत्राने लिहिलेलं उत्तर पाठवलं: "आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." पान अजून चालू आहे, फक्त नाव बदललंय.

पैसे गेल्यागेल्या लक्षात आलं तर थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत लक्षात येईपर्यंत उशीर झाला, कारण कॅसेट एलिट फोरपर्यंत नीट चालली. आणि टोकन देऊच नका. समोरासमोर भेटा, एमरल्ड घ्यायची असेल तर सोबत डीएस लाइट हे निंटेंडोचं दोन खाचांचं यंत्र न्या. नॅशनल डेक्स (गेममधली पोकेमॉनची पूर्ण यादी) मिळालेली प्लॅटिनम किंवा डायमंड वरच्या खाचेत, घ्यायची एमरल्ड खालच्या खाचेत. मेनूत "मायग्रेट"ची, म्हणजे जुन्या कॅसेटमधले पोकेमॉन आणण्याची, ओळ आली तरच पाकीट बाहेर काढा. माझी सफायर घातली की ती येते, ही एमरल्ड घातली की येत नाही. नंतरच्या डीएसआय किंवा थ्रीडीएस यंत्रांना ती खालची खाच नसते, तेवढं लक्षात ठेवा.

माझ्या अर्जावर ठाण्यातल्या एकाने एवढंच सांगितलं की याच माणसाविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर बघू. तर ज्यांनी गेल्या काही महिन्यांत "सेल संपलेली, पण ओरिजिनल" एमरल्ड किंवा वॉकरसकट हार्टगोल्ड घेतली असेल, त्यांनी आज रात्री टॉर्च घेऊन बसा. काळा गोळा किंवा राखाडी प्लास्टिक निघालं तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि चॅट काढून ठेवा, आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून परत येऊ नका, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.