फुंकनळी ठीकच, पारख करा ती डार्टची

वन्यप्राण्यांना भूल देण्याच्या प्रशिक्षणासाठी ११ मिलिमीटर आतल्या व्यासाची फुंकनळी आणि हवेच्या दाबावर चालणारे प्लास्टिकचे डार्ट, म्हणजे फुंकून मारायच्या औषधाच्या सिरिंज, असा संच जरूर घ्यावा. फक्त नळीवर भाळून घेऊ नका. ती आतून गुळगुळीत आणि सरळ असली की झालं. करामत डार्टमध्ये आहे, आणि बिघाडही तिथेच होतो.

डार्टमध्ये पुढे औषध, मागे हवा आणि मध्ये रबरी दट्ट्या. सुईचं टोक बंद, भोक बाजूला, त्यावर सिलिकॉनची स्लीव्ह, म्हणजे भोक झाकणारी छोटी सरकती नळी. सुई घुसली की कातडीच्या रेट्याने स्लीव्ह मागे सरकते, भोक उघडतं आणि कोंडलेली हवा औषध आत ढकलते. डार्ट तिरपा लागला तर स्लीव्ह अर्धवट सरकते आणि औषध डार्टमध्येच उरतं. मग नेम चुकल्याचा बोल उगाच शिकणाऱ्याला.

भरताना दट्ट्या मागे घ्या, समोरून औषध भरा, स्लीव्ह चढवलेली सुई घट्ट बसवा, वर टोपण लावा. हवा सर्वांत शेवटी, मागच्या झडपेतून, चष्मा आणि हातमोजे घालूनच. हवा उत्पादकाने सांगितली तेवढीच. जास्त झाली तर औषधाचा फवारा स्नायूला इजा करतो, कमी पडली तर औषध पूर्ण उतरत नाही. टोपण काढल्यावर सुईवर थेंब दिसला तर भोक नीट झाकलेलं नाही. हवा सोडा, स्लीव्ह बदला. उन्हाने चिरलेली किंवा वापरून सैल झालेली स्लीव्ह जपून ठेवण्यात कसली काटकसर? खरेदी करताना नळीच्या लांबीपेक्षा सुट्या स्लीव्ह किती मिळतात ते आधी विचारा.

सराव पाण्यावर करा, पण प्रत्यक्षात जेवढं औषध भरणार तेवढंच पाणी भरून. रिकामा डार्ट हलका असल्याने सरळ जातो, भरलेला खाली झुकतो, आणि रिकाम्यावर बसलेला हात ऐन वेळी दगा देतो. फोमचं लक्ष्य असेल तर नुसत्या फोमवर स्लीव्ह सरकेलच असं नाही, म्हणून वर चामड्याचा तुकडा ताणून बसवा. जाहिरातीतलं अंतर विसरा, शिकणाऱ्यांसाठी १० मीटर पुष्कळ झाले. श्वास मात्र नळीपासून तोंड बाजूला करूनच घ्यायचा.

वापरलेल्या डार्टची सुई काढण्याआधी झडप दाबून हवा सोडा. चुकलेला डार्ट सापडेपर्यंत जागा सोडू नका, कारण त्यात औषधही असतं आणि दाबही.