तपासणी चोख, कुलूप नावापुरतं (५ पैकी ३ तारे)

बहिणीच्या लग्नाआधी जिल्ह्याच्या गावी एका खासगी लॅबमधून जनुकीय तपासणी करून घेतली. दोन क्विंटल धानाचे पैसे गेले, त्याची तक्रार नाही. रक्त नीट घेतलं, रिपोर्ट सांगितल्या तारखेला आला, समुपदेशनवाल्या मॅडमनी आईला कळेल असं समजावलं. आमच्या कुरखेड्याकडे (जि. गडचिरोली) सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, कुणाला सांगावा लागत नाही. मुलगा-मुलगी दोघंही वाहक (एएस, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही) असले, तर दर खेपेला मूल आजारी (एसएस) होण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक आणि दुसरा एए (दोष नसलेला) असेल तर मुलाला आजार होत नाही. बहिणीचा निकाल इथं लिहिणार नाही.

घोळ आहे तो 'मॅचिंग'मध्ये, म्हणजे मुलाचा नि मुलीचा रिपोर्ट जुळवून पाहण्यात. जाहिरातीत 'संपूर्ण एन्क्रिप्टेड', म्हणजे माहिती सगळी कुलूपबंद. प्रत्यक्षात दोन्हीकडचे रिपोर्ट त्यांच्या साइटवर चढवायचे, तिथला माणूस ते उघडून जुळवणार आणि दोन्ही अख्खे रिपोर्ट दोन्ही घरी पाठवणार. पीडीएफचा पासवर्ड? जन्मतारीख! मी गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. पीकविमा भरून भरून अर्ध्या गावाच्या जन्मतारखा पाठ झाल्यात. कित्येकांच्या आधारवर तर १ जानेवारीच आहे.

फोन केला तर म्हणे, "काहून जी, एवढं लपवाचं काय हाये त्यात? साइट सेफच हाये." साइटवर पोचेपर्यंत माहिती कुलूपात असते, हे खरं. पोचली की उघडीच. आणि इथं मुलगी वाहक आहे एवढं फुटलं तरी सोयरीक मोडते, धाकटीकडेही लोक त्याच नजरेनं पाहतात.

वास्तविक लॅबला काही दिसायची गरजच नाही. वाहक असेल तर १, नसेल तर ०. दोघांनी आपापला आकडा फोनवरच कुलूपबंद करून पाठवायचा. होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनमध्ये सर्व्हर कुलूप न उघडताच गुणाकार करतो. बेरीज-गुणाकार हवे तितके करता येणारी पहिली पद्धत क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये मांडली. उत्तर १ आलं तरच दोघं वाहक. ते उघडायची किल्ली दोन्ही घरांकडे मिळून, लॅबकडे नाही. आपला आकडा ० असेल तर उत्तर ० च येणार, समोरच्याबद्दल काही कळणार नाही. ३०० कोटी अक्षरांच्या अख्ख्या जीनोमवर (माणसाच्या पूर्ण जनुकीय माहितीवर) असा शोध फार जड जातो, कबूल. पण इथं एक गुणाकार आहे! ब्रुकलिनची दोर येशोरिम ही ज्यू संस्था तर १९८० च्या दशकापासून, नाव न विचारता नुसत्या क्रमांकावर, आनुवंशिक आजारांच्या दृष्टीनं जोडी जुळते की नाही एवढंच सांगते.

फक्त सिकलसेलसाठी जात असाल तर जाऊ नका, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. बाकीचे आजारही पाहायचे असतील तर जा, पण फॉर्मवर 'मॅचिंग'च्या चौकोनात टिक करू नका आणि रिपोर्ट कागदावर, हातात मागा. मागितला की देतात.