नाशिकला भद्रकालीतल्या बॅगवाल्या काकांकडून हॅमॉक (दोन झाडांना बांधून झोपायची झोळी) शिवून घेतला, एकदम मनासारखं काम

ट्रेकला न्यायला हलका हॅमॉक हवा होता आणि बाजारात मिळतात ते सुती दोरीचे, किलोच्या वर वजन, ते सॅकमध्ये घालून कोण चढणार, म्हणून ७० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) रिपस्टॉप, म्हणजे फाट पुढे पसरू नये म्हणून चौकटीत जाड धागे विणलेलं, नायलॉन ऑनलाइन मागवलं, ११ फूट लांब, ५ फूट पन्हा. आधी घराजवळच्या एका टेलरकडे दिलं तर त्यांनी सुती दोऱ्याने एकेरी शिवण मारली. सोसायटीतल्या दोन झाडांना बांधून बसलो आणि टर्रकन टोकाची शिवण वीतभर उसवली.

मग भद्रकालीत भाजी मार्केटमागच्या गल्लीत बॅगा-ताडपत्र्या शिवणारे काका आहेत त्यांच्याकडे गेलो. मी मोबाइलवर फोटो काढून दाखवायला लागलो तर म्हणाले, "अरे दादा, ही झोळीच ना? बाळाला नऊवारीची बांधतात तशी. फक्त बाळ किती किलोचं ते सांग." ७२ म्हटलं.

फाटलेली टोकं कापून टाकली, त्यात कापड साडेदहा फुटांवर आलं. कापलेली कड मेणबत्तीवर धरून बंद केली म्हणजे धागे सुटत नाहीत. मशीनला बॅगेची जाड सुई होती ती काढून बारीक लावली, पातळ कापडाला जाड सुईने भोकं मोठी पडतात आणि तिथूनच फाटतं म्हणे. पॉलिस्टर दोरा, टोकाला दुहेरी दुमड, तीन रांगा शिवण. मग टोकात दोरी ओवली, भिंतीतल्या खुंटीला अडकवली आणि स्वतः पूर्ण भार टाकून ओढून बघितलं. हे मी दुसऱ्या कुठल्या टेलरला करताना बघितलं नाही.

झाडाला बांधायला एक इंची पट्टेही त्यांच्याकडूनच घेतले, पॉलिस्टरचेच. नायलॉनचा पट्टा रात्रभरात ताणतो आणि पहाटे कंबर जमिनीला टेकते. बांधताना तारेसारखं ताठ बांधू नका प्लीज! पट्टा आडव्या रेषेपासून ३० अंश कलता असेल तर प्रत्येक बाजूला साधारण आपल्या वजनाएवढा ताण येतो, १० अंशावर आणलात तर तो जवळजवळ तिप्पट होतो, मग कितीही चांगली शिवण असली तरी काय करणार. मी हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये पावणेनऊ फुटांची बारीक दोरी कायमची लावून ठेवलीये, म्हणजे दरवेळी झोळ सारखाच येतो. आणि तिरकं झोपायचं, पाठ बऱ्यापैकी सपाट राहते.

पट्ट्यांसकट वजन अर्ध्या किलोच्या आसपास. शिलाई ३५० घेतली, दुरुस्तीसकट, त्यामानाने काहीच नाही.

गिरणारेजवळ मित्राच्या शेतात आंब्याला बांधून डिसेंबरमध्ये एक अख्खी रात्र काढली, शिवण जराही सरकली नाही, उजेडात टोकं निरखून बघितली. पाठीला मात्र चांगलंच गार लागलं कारण स्लीपिंग बॅग अंगाखाली दबते आणि तिच्यात हवा राहत नाही, खाली फोमची मॅट हवीच. साल्हेर किल्ल्याच्या माथ्यावर वगैरे उपयोग नाही, झाडं कुठून आणणार, पायथ्याच्या गावात किंवा शेतात मस्त.

एकच तक्रार, मंगळवारी देतो म्हणाले आणि पुढच्या शुक्रवारी मिळालं. पावसाळ्यासाठी वरची ताडपत्रीही त्यांच्याकडेच टाकणारे, पण मे महिन्यातच.