ओराक्विक सेल्फ टेस्ट: पट्टी चांगली आहे, पण ती देतंय कोण?

एचआयव्ही तपासणी केंद्र घराजवळ असलं की सोय झाली, असं सगळे धरून चालतात. गे पुरुषाला मात्र जवळचं केंद्र बऱ्याचदा नकोसं असतं. रांगेत शेजारचे काका भेटतात, नोंदणीच्या खिडकीवर बहिणीची मैत्रीण बसलेली असते. मग तो तीन वस्त्या ओलांडून लांबच्या केंद्रात जातो. तिथे दर खेपेला अर्धा दिवस मोडतो आणि दोन-तीन खेपांनंतर जाणंच थांबतं. ओराक्विक किट, म्हणजे हिरडीवर पट्टी फिरवून घरीच एचआयव्ही तपासायचं साधन, या अडचणीवर चांगला उतारा आहे, पण तो पहिल्या टप्प्यापुरताच. पुढचं काम मित्रांवर येतं, म्हणून इथे पट्टी आणि ती पोहोचवण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी तपासल्या आहेत.

आधी पट्टी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती घरगुती वापरासाठी जुलै २०१२ मध्ये मंजूर केली आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वमान्यता यादीत ती आली. रक्त काढावं लागत नाही. तपासणीआधी १५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, आणि दात घासले असतील किंवा माउथवॉश वापरलं असेल तर ३० मिनिटं थांबायचं. नळीचं झाकण उघडून ती आधीच स्टँडमध्ये उभी करून ठेवावी. हा क्रम चुकला की एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात बंद नळी अशी तारांबळ उडते आणि द्रव सांडतो. पट्टीच्या चपट्या टोकाला बोट लावू नये. ते टोक वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायचं. गाल किंवा जीभ घासून उपयोग नाही. मग पट्टी नळीत उभी करून ठेवायची.

निकाल वाचायचा २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान. सुरुवातीला खिडकी गुलाबी होते, तो निकाल नव्हे. खिडकीजवळ सी (पट्टी नीट चालल्याची खूण) आणि टी (तपासणीची खूण) ही अक्षरं असतात. फक्त सी जवळ रेघ आली तर निगेटिव्ह. सी आणि टी दोन्हीकडे आली तर पुढची तपासणी हवीच, मग टी ची रेघ कितीही फिकट असो. सी ची रेघ आलीच नाही तर किट वाया गेलं, दुसरं घ्यावं. सर्वांत जास्त चुका वेळेच्या होतात. गजबजलेल्या घरात २० मिनिटं एकांत मिळत नाही, म्हणून कुणी दहाव्या मिनिटाला पट्टी काढून घेतं, तर कुणी ती लपवून रात्री बघतं. दोन्ही निकाल धरू नयेत. किट ३० अंशांखाली साठवायचं असतं, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेलं किट वाटू नये.

अचूकतेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मंजुरीच्या वेळी सामान्य लोकांच्या हातून झालेल्या चाचण्यांत लागण असलेल्या साधारण १२ पैकी एकाला पट्टीने निगेटिव्ह दाखवलं. लागण नसलेल्यांत मात्र चुकीचा पॉझिटिव्ह निकाल ५,००० मध्ये एखादाच. पट्टी विषाणू शोधत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांतल्या संबंधांबद्दल ती खात्री देऊ शकत नाही. 'आत्ता तपासू आणि मग कंडोम नको' हा वापर म्हणूनच धोक्याचा आहे. लागण अगदी ताजी असते तेव्हा रक्तात विषाणू भरपूर असतात आणि नेमकी तेव्हाच पट्टी निगेटिव्ह दाखवू शकते. धोक्याचा संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील तर किट बाजूला ठेवून आधी पेप (संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायचं औषध) मागायला जावं. ते औषध २८ दिवस घ्यायचं असतं आणि जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

आता वाटपाकडे. मित्रांच्या जाळ्यातून तपासणी पोहोचवायला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाठिंबा दिला, आणि आमच्या मते तो रास्त आहे. अनोळखी संस्थेचं पाकीट कपाटात पडून राहतं. विश्वासातल्या मित्राने दिलेलं किट वापरलं जातं. पण वाटणारा निवडताना सगळ्यांत लोकप्रिय माणूस उचलायचा, ही सवय सोडायला हवी. घट्ट गटात बातमी वाऱ्यासारखी पसरते आणि त्याच गटात किटंही पुन्हा पुन्हा फिरतात. ज्याच्या पोटात गोष्ट राहते आणि ज्याची ऊठबस दोन-तीन वेगवेगळ्या गटांत आहे, असा माणूस शोधावा. लग्न झालेले, पन्नाशी ओलांडलेले, डेटिंग ॲपवर नसलेले पुरुष अशाच दुव्यातून सापडतात. एका हाती दोन-तीन किटं पुरेत. पेटीभर दिली की ती कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. जोडीदारावर तपासणीची सक्ती कधीच करू नये.

याच जाळ्यातून एक घातक चूकही पसरते. उपचार घेत असलेला कुणी कुतूहलाने पट्टी वापरतो, ती निगेटिव्ह येते आणि आपण बरे झालो असं समजून तो गोळ्या बंद करतो. एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) चालू असताना ही पट्टी खोटा निगेटिव्ह निकाल देऊ शकते. प्रेप (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध) घेणाऱ्यांनाही तो धोका आहे, त्यांनी रक्ताची तपासणी करावी. ही सूचना किट हातात देतानाच तोंडी सांगितली पाहिजे, कारण माहितीपत्रक शेवटपर्यंत फार थोडे वाचतात.

दोन रेघा आल्या म्हणजे निदान झालं असं नाही. केंद्रात रक्ताच्या ठरलेल्या तपासण्यांनी खात्री केली जाते. त्यानंतर उपचार सात दिवसांच्या आत, तयारी असेल तर त्याच दिवशी सुरू करता येतात. खोकला, ताप, घटलेलं वजन किंवा सतत डोकेदुखी असेल तर ते आधी सांगावं, काही संसर्गांत एचआयव्हीचं औषध थोडं उशिरा सुरू करावं लागतं. पट्टी आणि केंद्र यांच्यामधले हे चार-पाच दिवस सर्वांत नाजूक. घरात बोलायची सोय नसते, वस्तीतल्या केंद्राचं दार ओळखीचं असतं, आणि सोबत येणारा मित्र नसला की माणूस तिथेच अडकतो. असा मित्र असेल तर त्याच्याकडून ऐकलेली एक गोष्ट फार धीर देते: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ गे जोडप्यांनी सुमारे ७६ हजार वेळा कंडोमशिवाय संबंध ठेवले, आणि उपचारांनी विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. १५ जणांना ती झाली, पण जोडीदाराकडून नव्हे.

उपचार स्थिरावल्यावर तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मागाव्यात, म्हणजे लांबचं केंद्रही झेपतं. साठा संपला म्हणून मित्राच्या डबीतल्या गोळ्या घेणं टाळावं. त्याच्या गोळ्या वेगळ्या असू शकतात आणि महिनाअखेर त्याचाही खंड पडतो.

पट्टीला आम्ही पाचपैकी चार गुण देतो. नुसतं पार्सलने पाठवलेल्या किटला दोनच. देताना खोक्यात एक चिठ्ठी जरूर घालावी: वस्तीबाहेरच्या दोन केंद्रांची नावं, त्यांच्या वेळा, आणि सोबत यायला तयार असलेल्या माणसाचा फोन नंबर.