टी१५ की एनपी-बी: कोणता इडिओटाइप कशासाठी?

इडिओटाइप म्हणजे प्रतिपिंडाच्या बदलत्या भागाची ओळखखूण. बाल्ब/सी या जातीच्या उंदराला कवच नसलेल्या आर३६ए न्यूमोकॉकसचे (न्यूमोनियाचा जिवाणू) मृत जिवाणू टोचले, की फॉस्फोरिलकोलीन या जिवाणूच्या भित्तिकेतील रेणूविरोधी प्रतिपिंडांत टी१५ इडिओटाइपचे वर्चस्व दिसते. त्याच्या जनुकांच्या सांध्यावर एन-न्यूक्लिओटाइडे (सांध्यावर जादा जोडले जाणारे डीएनएचे घटक) नसतात, कारण गर्भावस्थेत ती जोडणारे टीडीटी हे विकर नसते. हे प्रतिपिंड जवळजवळ मूळ जनुकांच्या रूपातच वापरले जाते, म्हणून उत्परिवर्तन अभ्यासायला ही प्रणाली तोकडी, पण न्यूमोकॉकसपासूनचे संरक्षण तपासायला उत्तम. मात्र जिवाणूऐवजी केएलएच या वाहक प्रथिनाला जोडलेले फॉस्फोरिलकोलीन वापरले, तर दुसऱ्या डोसानंतर टी१५ नसलेले प्रतिपिंड वाढतात आणि आकडे फसवतात. सीबीए/एन जातीचे उंदीर टाळाच. बीटीके या बी-पेशींच्या विकरातील दोषामुळे त्यांच्यात हा प्रतिसाद उमटत नाही.

प्रतिपिंडाची आसक्ती (प्रतिजनाला घट्ट धरण्याची ताकद) कशी वाढत जाते हे पाहायचे, तर सी५७बीएल/६ जातीचे उंदीर आणि एनपी हा छोटा रेणू हीच जोडी घ्यावी. अॅलम या प्रतिसाद वाढवणाऱ्या क्षारावर बसवलेले एनपी-सीजीजी (सीजीजी या वाहक प्रथिनाला जोडलेले एनपी), ५० ते १०० मायक्रोग्रॅम, पोटात टोचा. प्रतिसादात, म्हणजे एनपी-बी इडिओटाइपमध्ये, व्ही१८६.२ जड साखळी आणि लॅम्डा-१ हलकी साखळी ठळक असते. जड साखळीत ३३व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी ल्युसिन आले, की आसक्ती सुमारे दहापट वाढते. एवढा स्वच्छ खुणेचा बदल टी१५मध्ये मिळत नाही. एलायझा या प्रतिपिंड मोजण्याच्या चाचणीसाठी कमी आणि जास्त एनपी जोडलेले बीएसए हे प्रथिन शेजारी-शेजारी लावा, दोन्हींचे गुणोत्तर काढा. प्लेटवर सीजीजी नकोच, नाहीतर वाहकाविरुद्धचे प्रतिपिंडही मोजले जातात.