मेक्सिको सिटी : कुठे खावे आणि केव्हा खावे

मेक्सिको सिटीतील उपाहारगृहांच्या शिफारशी पुष्कळ वाचायला मिळतात, परंतु तेथे कोणत्या वेळी काय खावे, हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते. या शहरात प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. दिवसाचे मुख्य जेवण साधारणपणे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते, आणि आपल्या सवयीप्रमाणे दुपारी हलके खाऊन सगळी भूक रात्रीसाठी राखून ठेवणाऱ्या प्रवाशाच्या हातून या शहराचा उत्तम स्वयंपाक निसटून जातो. त्यामुळे पुढील शिफारशी दिवसाच्या क्रमानेच केल्या आहेत.

सकाळी मेट्रो स्थानकांच्या बाहेर मोठ्या पातेल्यांतून वाफाळते तामाल, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात गुंडाळून उकडलेले पदार्थ, आणि मक्याच्या पिठाचे दाटसर आतोले हे गरम पेय विकले जाते. अख्खा तामाल पावात घालून दिला जातो, त्याला ग्वाहोलोता म्हणतात. कामावर निघालेल्या माणसांची ही न्याहारी आहे आणि ती एकदा तरी त्यांच्याबरोबर रस्त्यावर उभे राहूनच खावी. बसून निवांत न्याहारी करायची असेल, तर सोकालो या शहराच्या मुख्य चौकाजवळच्या पाल्मा रस्त्यावरील ‘एल कार्देनाल’ला माझी पहिली पसंती आहे. १९६९पासून चालत आलेल्या या उपाहारगृहात लाकडी रवीने घुसळून फेसाळ केलेले गरम चॉकलेट मिळते आणि त्याच्यासोबत कोंचा नावाचा गोड पाव व दुधावरची घट्ट साय येते. पावाला साय लावून खाण्याचे सुख मराठी माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणे झाले, तर याच ठिकाणी दुपारी ‘चिले एन नोगादा’ मागवावे. पोब्लानो मिरचीत मांस आणि फळांचे सारण भरतात, तिच्यावर ताज्या अक्रोडांची पांढरी चटणी ओततात आणि वर डाळिंबाचे दाणे व हिरवी पाने पेरतात. राष्ट्रध्वजाचे तिन्ही रंग त्यात उतरतात, आणि १६ सप्टेंबरच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास हा पदार्थ शहरभर दिसतो. हंगाम टळल्यावर मिळणाऱ्या नोगादाला, म्हणजे या चटणीला, मात्र ताज्या अक्रोडाची चव नसते.

दुपारी खिशाला परवडणारे आणि शहराची खरी ओळख करून देणारे जेवण फोंदा नावाच्या छोट्या खाणावळींत मिळते. त्याला ‘कोमिदा कोर्रिदा’ म्हणतात : आधी सूप, मग भात किंवा शेवया, नंतर त्या दिवशीचे कालवण, सोबत तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, आणि फळांचे सरबत, हे सारे ठरलेल्या दरात. फोंदा निवडताना पाटीपेक्षा आत बसलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहावे. आसपासच्या कार्यालयांतील माणसे जिथे दाटीने बसलेली असतात, तिथे सहसा निराशा होत नाही. एका दुपारी अधिक खर्च करण्याची तयारी असेल, तर तो रोमा भागातील ‘कोंत्रामार’मध्ये करावा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या शहरात माशांसाठी जावे, हे ऐकायला विचित्र वाटते, पण १९९८ साली सुरू झालेल्या या उपाहारगृहातील टूना तोस्तादा (कुरकुरीत तोर्तियावर वाढलेला टूना मासा) आणि अर्ध्या भागावर लाल, अर्ध्या भागावर हिरवे वाटण लावून भाजलेला अख्खा मासा, हे दोन्ही पदार्थ त्यांच्या कीर्तीला पुरेपूर उतरतात. जागा आधी राखून ठेवणे आवश्यक आहे.

शाकाहारी व्यक्तीची या शहरात उपासमार होत नाही, मात्र तिने सावध राहावे. घेवड्याच्या उसळीत आणि तामालच्या पिठात बहुधा डुकराची चरबी असते, भात अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो; त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, चरबी आणि रस्सा यांबद्दल वेगळे विचारावे लागते. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग वाटून केलेल्या पिठाचे त्लाकोयो बाजारांतून आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर बायका तव्यावर भाजून देतात. हे निळसर मक्याचे, लांबट आकाराचे असतात, आत घेवड्याचे किंवा बाकला शेंगांच्या दाण्यांचे पुरण आणि वर निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी, चीज व चटणी. भोपळ्याच्या फुलांची आणि कणसावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीची, म्हणजे वितलाकोचेची, केसादिया (सारण भरून दुमडलेली तोर्तिया) हीदेखील सोडू नये अशी गोष्ट आहे. या शहरात केसादियात चीज असेलच असे नाही, ते मागून घ्यावे. चटण्यांच्या बाबतीत पूर्ण विश्वासाने हात पुढे करावा, कारण पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरलेल्या मिरचीचे मूळ घर हाच देश आहे.

रात्र ही टॅकोंची वेळ. लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांच्या श्वार्मापासून घडलेला ‘अल पास्तोर’ हा डुकराच्या मांसाचा प्रकार उभ्या सळईवर भाजला जातो, आणि नार्वार्ते भागातील ‘एल विल्सितो’ येथे तो खावा. दिवसा तिथे मोटारी दुरुस्त होतात, अंधार पडला की त्याच जागेत टॅको सुरू होतात. सान राफाएल भागातील ‘एल कालिफा दे लेओन’ या चिमुकल्या दुकानाला २०२४ साली मिशलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला. तेथील गाओनेरा हा गोमांसाचा पातळ काप, मीठ आणि लिंबू एवढ्यावर उभा असलेला टॅको आहे आणि तो खरोखर सुरेख आहे, तरीही लांब रांगेसाठी संध्याकाळ खर्च करावी असे मी म्हणणार नाही. झोपण्यापूर्वी १९३५पासून चालत आलेल्या ‘एल मोरो’मध्ये गरम चुरो, म्हणजे तळलेल्या गोड पिठाच्या कांड्या, आणि चॉकलेट घ्यावे.

पेयांत पुल्के दिवसाउजेडी प्यावे. घायपातवर्गीय वनस्पतीचा रस आंबवून केलेले हे पेय आपल्या ताडीसारखे ताजेच चांगले लागते. सान हुआन बाजाराजवळच्या ‘लास दुएलिस्तास’मध्ये ते फळे मिसळूनही मिळते. मेझकाल, म्हणजे अशाच वनस्पतीपासून गाळलेली कडक दारू, मात्र रात्री, संत्र्याच्या फोडीबरोबर, घोट घोट घ्यावे. या उंचीवर मद्य जपूनच घ्यावे.

मुक्कामासाठी दोन भाग योग्य आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याने जुन्या शहरात राहावे. तेथील ‘ग्रान होटेल’ ही १८९९ साली दुकानांसाठी उभारलेली इमारत तिच्या रंगीत काचेच्या भव्य छतासाठी पाहण्याजोगी आहे, आणि मेट्रोही जवळ पडते. झाडांच्या सावलीत पायी फिरायला आवडत असेल, तर रोमा किंवा कोन्देसा निवडावे, पण शक्यतो हॉटेलातच उतरावे. पर्यटकांना अल्प मुदतीने घरे दिल्यामुळे भाडी वाढून मूळ रहिवासी बाहेर फेकले जात असल्याची येथील तक्रार रास्त आहे, आणि जुलै २०२५मध्ये त्यावरून मोर्चेही निघाले. रोमा आणि कोन्देसा हे दोन्ही भाग जुन्या तलावाच्या मऊ मातीवर वसलेले असून १९८५ आणि २०१७ सालच्या भूकंपांत त्यांची मोठी हानी झाली. त्यामुळे खोलीत सामान ठेवल्याबरोबर बाहेर पडण्याचा मार्ग पाहून घ्यावा आणि भूकंपाचा भोंगा कसा वाजतो ते हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना विचारावे. नळाचे पाणी पिऊ नये.