नावेचं वजन 700 किलो सांगितलं, काट्यावर निघालं 1,940

लिहू की नको, यात दोन महिने गेले. घरातल्यांचं म्हणणं होतं, झालं ते झालं, गावभर कशाला करता. पण मला ती नाव विकणाऱ्या माणसाने आता पुढचं गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली आहे, म्हणून लिहितो.

आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवला, हतनूर धरणाचं पाणी पसरलेलं असतं. थंडीत पक्षी बघायला लोक येतात, महाशिवरात्रीला यात्रा भरते. तिथे एक चांगली फायबरची नाव चालवावी, असं मी आणि माझ्या मावसभावाने ठरवलं. परवानगीचे कागद सुरू केले आणि यात्रेआधी नाव हातात हवी म्हणून शोधाशोध चालू केली. ही घाईच विकणाऱ्याने बरोबर हेरली.

अलिबागकडच्या एका यार्डात 18 फुटी नाव, इंजिन आणि ट्रेलरसकट, 2,65,000 रुपयांना होती. फोटो, व्हिडिओ, गोड बोलणं, सगळं नेहमीचं. ट्रकने आणायचे 35,000 सांगितले, आणि लगेच पुढचं वाक्य: "कशाला ट्रक करता शेठ? ट्रेलरसकट 700 किलो आहे. तुमची छोटी एसयूव्ही आरामात ओढेल. इंदूरचं गिऱ्हाईक अशाच गाडीने घेऊन गेलं." 700 हा आकडा त्याने उगाच निवडला नव्हता. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला साधारण 750 किलोची मर्यादा असते. मी तेवढं वाचून ठेवलं होतं, आणि त्याचा आकडा त्यात बसत होता. म्हणजे मी चौकशी केली नव्हती असं कोणी म्हणू नये.

25,000 इसार दिला, 1,60,000 खात्यावर टाकले, 80,000 तिथे जाऊन रोख. रोखीची पावती "उद्या पाठवतो" म्हणाला, ती आजतागायत आली नाही. रोख देऊच नका. गाडीला हुक त्यानेच बसवला, त्याचे 14,500 वेगळे. तो हुक चेसिसला नव्हे, बंपरमागच्या पत्र्याला दोन बोल्टांवर होता, हे मला नंतर मेकॅनिकने दाखवलं. हुक कशाला धरलाय, ते गाडीखाली वाकून स्वतः बघा.

आता तो क्षण. ट्रेलरची दांडी हुकावर ठेवायला त्याची चार माणसं लागली. चौघांनी "हं" म्हणून उचलली. दांडी बसली आणि माझ्या गाडीची मागची बाजू वीतभर खाली गेली, पुढचे दिवे आभाळाकडे झाले. मी म्हटलं, "एकदा काट्यावरून घेऊ." यार्डाच्या फाटकातून काटा दिसत होता. दोनशे पावलंसुद्धा नसतील, वर पाटी, 24 तास चालू. तो म्हणाला, "काट्याला रांग आहे शेठ, ऊन चढायच्या आत घाट काढा." आणि मी निघालो. त्या पाटीसमोरून गेलो.

लहानपणापासून काट्यावर वाढलोय मी. केळीची गाडी रिकामी एक काटा, भरली की दुसरा. व्यापाऱ्याने वीस किलोचा घोळ केला तरी वडील पावती फाडून परत काटा करायला लावत. दीडशे रुपयांचं काम होतं. रात्री डोळा लागत नाही तो यासाठी, अडीच लाखांसाठी नाही.

पनवेलच्या अलीकडे सिग्नलला ब्रेक दाबला तर मागून नावेने गाडी पुढे ढकलली, चौकाच्या मधोमध थांबलो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेकच नव्हते. स्टिअरिंग हलकं, हातात काही नसल्यासारखं. आमच्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात. मागे भार पडला की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात आणि चढाला नुसती फिरतात. कसारा घाटात तेच झालं. दुसऱ्या वळणावर जळक्या क्लचचा वास, मग धूर, मग गाडी मागे सरकू लागली. मावसभावाने उडी मारून चाकामागे दगड लावला. मागे कंटेनर होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेत थांबवला, म्हणून आज लिहितोय.

क्रेनचे 9,000 देऊन खाली शहापूरच्या बाजूला आलो. तिथे पहिल्यांदा काटा केला: नाव आणि ट्रेलर मिळून 1,940 किलो. माझी गाडी रिकामी 1,200 च्या आसपास. मेकॅनिकने नावेच्या तळाला बोटाने वाजवलं, आवाज दबका, ओल्या मडक्यासारखा. त्याने मागच्या बाजूला ड्रिलने भोक पाडलं आणि त्यातून तपकिरी, कुजकं पाणी धारेने लागलं ते अर्धा तास थांबलं नाही. दोन थरांमधला फोम वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला होता. वरून नवा निळा रंग.

यार्डवाल्याला फोन केला. शिव्या ऐकून घेतल्या आणि शांतपणे म्हणाला, "अडचणीत आहात, माझा माणूस पिकअप घेऊन येतो. 70,000 देतो, नाव परत." तेव्हा कळलं, याचा धंदा नाव विकायचा नाहीच. दिली मी परत. रस्त्याच्या कडेला दोन दिवस काढल्यावर, गाडी गॅरेजात असताना, तुम्हीही दिली असती.

हिशोब: नाव 2,65,000, हुक 14,500, क्रेन 9,000, क्लच आणि मजुरी 21,300, लॉज-पेट्रोल-टोल 6,200. एकूण 3,16,000. परत आले 70,000. गेले 2,46,000.

मग पोलीस. इथल्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार तिकडचा, तिकडे जा. तिकडे साडेपाचशे किलोमीटर गेलो, तर तिथले म्हणाले, बिघाड घाटात झाला, त्या हद्दीत जा. मी सांगितलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 173 कलम आहे, हद्द कोणतीही असो, नोंद घ्यावी लागते. साहेबांनी मान वरही केली नाही. "तुम्ही वकील आहात का?" तीन तास बाकावर. शेवटी, "तुम्हीच नाव परत विकली ना, पैसे घेतले ना, मग फसवणूक कुठली? दिवाणी दावा करा." 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर म्हणाले, तुम्ही स्वतः जाऊन माल घेतला, हे सायबरमध्ये येत नाही. विमावाल्यांनी एका ओळीत नाकारलं: ट्रेलरची नोंदणी नाही. ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागते, हे विकणाऱ्याला माहीत होतं, मला नव्हतं. हद्दीवरून एकमेकांकडे बोट दाखवायला पोलिसांना पगार मिळतो का? लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी पहिल्या वेळी तोंडीच सांगून आलो होतो. आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, एवढाच एक दरवाजा उघडा मिळाला.

काटापावती मात्र माझ्याकडे आहे. कॉल रेकॉर्डिंगही आहे, "700 किलो" त्याच्याच आवाजात.

गेल्या आठवड्यात मावसभावाने एक जाहिरात पाठवली. तीच नाव, रंग आता पांढरा, किंमत 2,80,000. फोटो मोठा करून बघितला. मागच्या बाजूला, तळाजवळ, रुपयाच्या नाण्याएवढी करड्या पुट्टीची टिकली आहे, मेकॅनिकने भोक पाडलं होतं तिथेच. खाली लिहिलंय, वजन 700 किलो, कोणतीही छोटी एसयूव्ही ओढेल. तुमच्यापैकी कोणी तिचा इसार दिला असेल तर आज फोन करून तो परत मागा, आणि तो नाही म्हणाला तर त्याला आधी फाटकासमोरच्या काट्यावर नाव न्यायला सांगा.